डोळे चुरचुरतात, मान धरते : दिवसभर स्क्रीनसमोर बसायला लागलेल्यांसाठी

एमएस-सीआयटी, टायपिंग, टॅली असं काहीतरी पदरात पाडून कुणी गावातल्या सेवा केंद्रात बसतं, कुणी जळगावच्या दालमिलमध्ये नाहीतर सराफाकडे बिलिंगला लागतं, कुणी पुण्याच्या कंपनीचं काम अमळनेरला घरी बसून करतं. पहिला महिना मजेत जातो. मग संध्याकाळी पाचच्या सुमाराला डोळे चुरचुरायला लागतात, अक्षरं पसरतात, मानेपासून खांद्यापर्यंत शीर ताठ होते. ‘डोया दुखी राह्यनात’ म्हणत मेडिकलवरून कुठलातरी ड्रॉप आणला जातो, नाहीतर चष्म्याच्या दुकानात निळसर चमकीची काच गळ्यात मारली जाते. ही दोन्ही कामं यादीत सगळ्यात खाली हवीत. आधी करायच्या बहुतेक गोष्टींना एक रुपयाही लागत नाही, आणि बराचसा त्रास तिथेच मिटतो.

मी डॉक्टर नाही. संगणक शिकवतो, आणि स्वतःही बरीच वर्षं स्क्रीनसमोर बसतो. शिकायला येणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात जे सांगतो, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

भीती आधी काढून टाकू. स्क्रीनमुळे डोळा ‘जात’ नाही. स्क्रीनच्या उजेडाने डोळ्याच्या आतला पडदा जळतो असं मानायला आधार नाही. भर दुपारच्या उन्हात त्याच्या कितीतरी पट जास्त निळा प्रकाश डोळ्यांवर पडतो. त्रास होतो तो दोन कारणांनी. एक, टक लावून पाहताना डोळ्याची बाहेरची बाजू कोरडी पडते. दोन, जवळचं पाहणारे स्नायू आणि मानेचे स्नायू तासन् तास एकाच ताणात धरले जातात. खानदेशात पहिल्या कारणाला हवामानाची साथ मिळते, म्हणून पुण्या-मुंबईसाठी लिहिलेल्या सूचना इथे पुऱ्या पडत नाहीत.

पायरी १ : नेमकं काय दुखतं ते ओळखा

एक दिवस काम करताना जवळ कागद ठेवा. त्रास झाला की वेळ आणि नेमका त्रास लिहा. ‘डोळे दुखतात’ एवढं पुरत नाही.

चुरचुर, जळजळ, खडा गेल्यासारखं खुपणं, आणि पापणी उघडझाप केली की क्षणभर अक्षर स्वच्छ दिसणं : हा कोरडेपणा. यात डोळ्यांतून पाणीही येतं, आणि तिथेच माणूस फसतो. पाणी येतंय म्हणजे कोरडे कसे? डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो, त्यात खाली चिकट द्रव, मध्ये पाणी आणि वर तेलाचा पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडेतल्या ग्रंथींतून येतं. तेल कमी पडलं किंवा नीट पसरलं नाही की पाणी उडून जातं आणि तो थर मे महिन्यातल्या काळ्या रानासारखा जागोजागी भेगाळतो. मग डोळा घाबरून पाण्याचा लोंढा सोडतो, पण त्यात तेल नसल्याने ते गालावर ओघळून जातं आणि डोळा कोरडाच राहतो.

खाज, चोळावंसं वाटणं, दोरीसारखी चिकट घाण : ही बहुतेक अ‍ॅलर्जी. उष्ण, कोरड्या, धुळीच्या भागात ती जास्त दिसते, त्यातही लहान मुलग्यांत. ती स्क्रीनमुळे आलेली नसते, फक्त स्क्रीनसमोर जास्त जाणवते. काहीही झालं तरी डोळे चोळायचे नाहीत. सतत चोळण्याचा संबंध बुबुळ पातळ होऊन पुढे सुळक्यासारखं येण्याशी आहे.

भुवयांच्या वर ठणका आणि स्क्रीनवरून मान वळवल्यावर दूरचं काही क्षण धूसर दिसणं : हा जवळ पाहणाऱ्या स्नायूचा थकवा, किंवा न काढलेला नंबर.

मान, खांदा, मनगट, कंबर : ही बैठकीची बाब. तिच्यासाठी पायरी ४ आणि ५.

पायरी २ : वारा हलवा

मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो आणि हवेत ओलावा नावालाही नसतो. अशा हवेत अश्रूंचा थर पटकन सुकणारच. त्यात आपण काय करतो? खिडकीत कूलर लावतो आणि त्याच्या अगदी तोंडासमोर टेबल ठेवतो.

कूलर हवेत ओलावा सोडतो, म्हणजे डोळ्यांना चांगलाच, असं वाटेल. खोलीपुरतं ते खरंही आहे. पण चेहऱ्यावर सरळ झोत घेतला की तो ओलावा उपयोगाचा राहत नाही, वारा अश्रू उडवून नेतो. पंखा आणि एसीचंही तेच. एसी तर वर हवेतला ओलावाही काढून घेतो.

यावल तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात मी हे समोर पाहिलं. जुलैची अखेर, पीकविम्याची ३१ तारीख तोंडावर, बाहेर रांग. पाऊस लांबलेला, उकाडा कायम, म्हणून कूलर अजून खिडकीत. काउंटरवरच्या पोराचे डोळे लालभडक. लॅपटॉप टेबलावर, कूलर बरोबर समोर, झोत थेट नाकावर. त्याने दोन ड्रॉप आणून ठेवले होते, एकाचंही झाकण धड लागत नव्हतं. आम्ही टेबल फक्त काटकोनात फिरवलं. झोत त्याच्या पाठीमागून रांगेतल्या लोकांवर जायला लागला, आणि लोकही खूश झाले. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ड्रॉप टेबलावर नव्हते.

तर करायचं ते असं :

- कूलर, एसी, टेबलफॅन यांचा झोत चेहऱ्यावर येऊ द्यायचा नाही. कूलरच्या पट्ट्या वर किंवा खाली वळवा, नाहीतर टेबल फिरवा.
- डोक्यावरचा पंखा एक नंबरने कमी करा, किंवा खुर्ची पंख्याच्या बरोबर खालून दीड-दोन हात सरकवा.
- एसीच्या खोलीत उघड्या भांड्यात पाणी ठेवल्याने थोडा फरक पडतो. फार अपेक्षा धरू नका.
- कूलरचं गवत जुनं होऊन कुबट वास मारत असेल तर बदला. ती धूळ आणि बुरशी दिवसभर डोळ्यांवर येते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी धरत नाही. बरेच जण खेड्यावरून बाईकने येतात. वीस-पंचवीस किलोमीटर गरम वारा खात आलेला डोळा कामावर पोचण्याआधीच कोरडा झालेला असतो. हेल्मेटची काच खाली घ्या. रुमाल किंवा स्कार्फ नाक-तोंड झाकतो, डोळे उघडेच राहतात. बाजूने बंद असलेला साधा गॉगल हवा. कपाशीच्या हंगामात जिनिंगजवळून जात असाल तर तो हवाच.

पायरी ३ : पापणी पुरती मिटायला शिका

एरवी माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो. स्क्रीनकडे पाहताना हे प्रमाण निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली येतं. शिवाय ज्या पापण्या लवतात त्या अर्ध्याच मिटतात. वरची पापणी खालीपर्यंत टेकतच नाही. मग बुबुळाच्या खालच्या भागावर तेलाचा हात फिरत नाही आणि तिथेच खुपायला लागतं. शेजाऱ्याला एक मिनिट तुमच्याकडे बघून मोजायला सांगा, मात्र तुम्हाला न सांगता. कळलं की माणूस मुद्दाम लववतो.

व्यायाम सोपा आहे. डोळे हळू मिटा, मिटलेले दोन सेकंद ठेवा, मग पापण्या किंचित आवळा, उघडा. असं पाच-सात वेळा, दर अर्ध्या तासाने. कपाळाला आठ्या पाडायच्या नाहीत.

याच्या जोडीला २०-२०-२० हा नियम आहे. जेफ्री अँशेल या अमेरिकी दृष्टितज्ज्ञाने तो रूढ केला : दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडे, २० सेकंद पाहायचं. २० फूट म्हणजे सुमारे ६ मीटर. तेवढ्या अंतरावर पाहताना जवळचं पाहणारा स्नायू सैल पडतो. दारातून दिसणारा कडुनिंब चालेल, रावेर-चोपड्याकडे असाल तर सातपुड्याची रांग आहेच. भिंतीकडे तोंड करून बसलात आणि भिंत चार फुटांवर असेल तर हा नियम पाळताच येत नाही, म्हणून टेबल ठेवतानाच दाराकडे किंवा लांब जागेकडे नजर जाईल असं बघा.

गजर लावून हा नियम पाळणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. दोन दिवस वाजतो, तिसऱ्या दिवशी बंद. त्यापेक्षा कामातल्याच थांब्यांना नियम बांधा. फॉर्म सबमिट झाला, प्रिंट सुटली, ओटीपीची वाट पाहायची आहे : नजर दाराबाहेर. सर्व्हर डाऊन होणं ही आपल्याकडे डोळ्यांना मिळालेली सर्वांत मोठी सुट्टी आहे, आणि नेमक्या त्याच वेळात आपण खिशातला मोबाइल काढतो.

पायरी ४ : अंतर आणि उंची

हात सरळ पुढे केला की बोटांची टोकं स्क्रीनला जेमतेम लागावीत. हे अंतर ५० ते ७० सेंटिमीटर भरतं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, म्हणजे स्क्रीनच्या मध्याकडे पाहताना नजर थोडी उतरती राहते.

ही उतरती नजर फक्त मानेसाठी नाही. वर पाहताना डोळा जास्त उघडतो आणि जास्त भाग वाऱ्याला लागतो. खाली पाहताना वरची पापणी आपोआप उतरते आणि डोळा झाकला जातो. काउंटरवर उंच स्टँडवर मॉनिटर चढवून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, गिऱ्हाइकालाही दिसावं म्हणून. तिथे बसणाऱ्याचे डोळे सगळ्यांत आधी कोरडे पडतात आणि मान मागे वाकून धरते. मॉनिटर खाली घ्या. गिऱ्हाइकाला दाखवायचंच असेल तर फिरवून दाखवा.

लॅपटॉपचं उलटं आहे. स्क्रीन खूपच खाली, डोळ्यांना ठीक, मानेला शिक्षा. रोज चार तासांहून जास्त लॅपटॉपवर बसत असाल तर एक साधा वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या आणि लॅपटॉप जुन्या रजिस्टरांच्या थप्पीवर चढवा. माझ्या मते या सगळ्या लेखात पैसे खर्च करण्यासारखी पहिली गोष्ट हीच.

पायरी ५ : प्लास्टिकच्या खुर्चीतही नीट बसता येतं

महागडी फिरती खुर्ची सगळ्यांना परवडत नाही, आणि सेवा केंद्रांत बहुधा प्लास्टिकचीच असते. तिचे दोन दोष : पाठ कमरेला टेकत नाही, आणि उंची बदलता येत नाही.

बाजारातलं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. आपल्याकडच्या बहुतेक माणसांना ते टायपिंगसाठी उंचच पडतं. मग खांदे कानाकडे चढतात आणि दिवसभर चढलेलेच राहतात; संध्याकाळी मानेच्या बाजूची शीर ताठते ती यानेच. तपासायचं असं : खांदे पूर्ण सैल सोडा, कोपर अंगाशी धरा, हात पुढे करा. कोपराशी काटकोन किंवा त्याहून किंचित मोठा कोन झाला पाहिजे आणि तळहात कीबोर्डच्या उंचीला आले पाहिजेत. कीबोर्ड वर राहतो? मग तुम्ही वर चढा. खुर्चीवर जुनी सतरंजी नाहीतर गोधडी घट्ट घडी करून घाला. मऊ उशी नको, ती दबते. वर चढल्यावर पाय लोंबकळतील, त्यांच्या खाली पाट किंवा दोन विटा ठेवा. पाय लोंबकळले की माणूस पुढे घसरतो आणि कंबर सुटते.

कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा. माऊस कीबोर्डला लागून ठेवा. तो लांब, कागदांच्या पलीकडे असेल तर उजवा खांदा दिवसभर ताणलेला राहतो. मनगट टेबलाच्या कडेवर दाबायचं नाही. फॉर्मवरून पाहून टाइप करत असाल तर तो कागद टेबलावर आडवा नको, स्क्रीनशेजारी, त्याच उंचीवर उभा हवा. पुठ्ठ्याला चिमटा लावून टेकवला तरी चालतो. दिवसभरात शेकडो वेळा मान खाली-वर होते, ती यात वाचते.

आणि उठा. बैठक कितीही सुरेख असली तरी अर्ध्या-पाऊण तासाने उठायचंच. पाण्याचा जार लांब ठेवा आणि टेबलावर बाटलीऐवजी पेला घ्या, म्हणजे भरायला उठावंच लागेल. उठल्यावर खांदे मागे फिरवा, हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरा, दहा पावलं चाला. मान गरागरा फिरवून कडकड वाजवण्याची हौस असेल तर ती सोडा.

पायरी ६ : अक्षर मोठं, उजेड सारखा

बारीक अक्षर दिसलं की माणूस नकळत पुढे झुकतो, आणि मग पायरी ४ आणि ५ चं सगळं मुसळ केरात. देवनागरीत तर काना-मात्रा-अनुस्वार बारीक जागेत बसलेले असतात. सातबाऱ्यावर गट नंबर आणि खातेदाराचं नाव वाचताना अनुस्वार आहे की स्क्रीनवरची धूळ हे कळत नसेल तर कंट्रोल धरून अधिकचं बटण दाबा. एक्सेल १२० टक्क्यांवर ठेवलं तर कुणी दंड करत नाही. नेहमीच्या अंतराच्या तिप्पट लांबून अक्षर कष्टाने का होईना वाचता आलं, तर आकार योग्य.

उजेडासाठी स्क्रीन बंद करून तिच्यात बघा. खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसली तर तीच चमक दिवसभर डोळ्यांत जाते. स्क्रीन थोडी वळवा. खिडकी बाजूला असावी, समोर नको, पाठीमागेही नको. स्क्रीनची प्रखरता ठरवायला शेजारी कोरा कागद धरा. स्क्रीन कागदापेक्षा दिव्यासारखी झगमगत असेल तर कमी करा, मळकट वाटत असेल तर वाढवा. काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं काहींना बरी वाटतात, काहींना, विशेषतः तिरपा नंबर (चष्म्याच्या चिठ्ठीवरचा ‘सिलिंडर’) असलेल्यांना, फिसकटलेली दिसतात. आपल्याला सोसेल ते ठेवा.

शेतात ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, करताना मात्र उलटी अडचण : भर उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि डोळे बारीक करून करून डोकं दुखतं. प्रखरता पूर्ण वाढवा, उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत मोबाइल धरा, आणि जमलं तर हे काम सकाळी नऊच्या आत उरका.

पायरी ७ : मोबाइल वेगळा मोजा

ऑफिसात आठ तास स्क्रीन आणि घरी आल्यावर ‘आराम’ म्हणून तीन तास रील्स. डोळ्यांच्या हिशेबात ते अकराच. मोबाइल हा संगणकापेक्षा जास्त जवळ, वीत-दीड वितीवर धरला जातो, म्हणून जवळ पाहणाऱ्या स्नायूवर जास्त ताण येतो.

मानेवरही. केनेथ हंसराज या अमेरिकी मणकातज्ज्ञाने २०१४ मध्ये गणिती मॉडेलने हिशेब मांडला. सरळ मानेवर डोक्याचा भार सुमारे ५ किलो, मान ६० अंश खाली झुकली की तोच भार २७ किलोंच्या घरात. मोबाइल छातीच्या उंचीला आणा, कोपर पोटाशी किंवा उशीवर टेकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर एकाच अंगठ्याने टाइप करणं थांबवा आणि बोलून टाइप करा. मराठी आता मोबाइलला बऱ्यापैकी कळते, अहिराणीत बोललात तर मात्र गमती होतात.

रात्री शेतीच्या विजेची वाट पाहत विहिरीवर बसलेले अनेक जण अंधारात मोबाइल बघतात. गडद अंधारात एकच प्रखर चौकोन डोळ्यांना त्रास देतो, आणि झोपही लांबते. प्रखरता अगदी कमी करा, शेजारी छोटा दिवा लावा. घरी असाल तर झोपण्याआधी तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

पायरी ८ : चष्मा

एवढं सगळं दोन-तीन आठवडे करूनही डोकं दुखत असेल तर नंबर तपासा. एरवी जाणवत नाही असा छोटा तिरपा नंबर किंवा लपलेला अधिक नंबर दिवसभराच्या स्क्रीनवर जाणवतो. चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूत खोटी आहे.

जाण्याआधी एक काम करा : कामाच्या खुर्चीत बसून नाकापासून स्क्रीनपर्यंत सुतळी धरा, गाठ मारा, ती सुतळी खिशात घालून जा. तपासणाऱ्याला सांगा, माझं काम या अंतरावर आहे. चाळिशीनंतर हे फार महत्त्वाचं ठरतं. वाचायचा चष्मा हातभर नव्हे, पुस्तकाच्या अंतरासाठी, साधारण ३५-४० सेंटिमीटरसाठी दिलेला असतो. तो लावून ६० सेंटिमीटरवरची स्क्रीन पाहायची तर माणूस पुढे झुकतो. एकाच काचेत दूर-जवळ दोन्ही असलेला चष्मा असेल तर खालच्या भागातून पाहायला हनुवटी वर करावी लागते आणि मान धरते. स्क्रीनच्या अंतराचा वेगळा साधा चष्मा हा त्यावरचा स्वस्त उपाय. बाजारात टोपलीत मिळणाऱ्या तयार चष्म्यांत दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो. अडीअडचणीला ठीक, रोज आठ तासांना नाही.

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा? २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. अशा काचांनी डोळ्यांचा थकवा साध्या काचांपेक्षा कमी होतो असं त्यात दिसलं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाही त्या सुचवत नाही. नंबरच्या काचेवर चकाकी कमी करणारा लेप घ्यायचा असेल तर घ्या, त्याचा उपयोग होतो. निळ्या काचेचे वरचे पैसे कीबोर्डसाठी ठेवा.

पायरी ९ : ड्रॉप, आणि घरगुती प्रयोग

कोरडेपणावर कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप चालतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागा. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि खोक्यावर दिलेली उघडल्यानंतरची मुदत संपली की टाकून द्या, अर्धी शिल्लक असली तरी. टोक पापणीला लावू नका. घरातल्या सगळ्यांना मिळून एक बाटली, हे तर मुळीच नको.

डोळे पांढरेशुभ्र करणारे ड्रॉप रोज वापरले की सोडल्यावर लाली दुप्पट होऊन येते. आणि स्टेरॉइडचे ड्रॉप डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कधीच घालायचे नाहीत. एका दिवसात आराम पडतो म्हणून लोक मागच्या वेळची बाटली दाखवून पुन्हा आणतात. महिनोन्‌महिने वापरल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. खाजेसाठी मुलांच्या डोळ्यांत असे ड्रॉप घालण्याचं प्रमाण पाहून मला खरंच धास्ती वाटते.

मध, तूप, गुलाबजल, त्रिफळ्याचं पाणी डोळ्यांत घालू नका. ते निर्जंतुक नसतं. मिटलेल्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या तर बिघडत काही नाही, गारवा मिळतो. खऱ्या उपयोगाचा घरगुती उपाय वेगळाच आहे : कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं रात्री मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं. पापण्यांतलं घट्ट झालेलं तेल त्याने पातळ होतं. मेमध्ये हे सांगितलं की लोक वेड्यात काढतात, पण सकाळचं खुपणं त्यानेच कमी होतं.

घरातली मुलं

मोठ्यांचा प्रश्न सोयीचा आहे, मुलांचा वाढीचा. सतत जवळचं पाहणं आणि उघड्यावर न खेळणं या दोन्हींचा लांबचा नंबर लागण्याशी संबंध आहे. रोज दोनेक तास बाहेरच्या उजेडात राहिल्याने त्याला आळा बसतो. ऊन अंगावर हवं असं नाही. झाडाच्या सावलीतही घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड असतो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, हिवाळ्यात केव्हाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं ते असं : वर्षभराच्या आतल्या आणि एक वर्षाच्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना तासाभराहून जास्त नको. घास भरवण्यासाठी मोबाइल लावण्याची सवय तिथेच मोडते.

डॉक्टरांकडे कधी, आणि कसं

हे झालं तर त्याच दिवशी निघा : एकाएकी दिसणं कमी होणं, डोळ्यांपुढे विजा चमकणं, अचानक खूप काळे ठिपके किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं, एकच डोळा लाल, दुखरा आणि उजेड सोसवत नाही असा होणं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसून डोकं ठणकणं आणि उलटी, एकाचे दोन दिसणं. हातात चमक उतरणं, पकड ढिली पडणं, रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येणं, यासाठीही दाखवा, फक्त हाडांच्या डॉक्टरांना. मधुमेह असेल तर त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. चाळिशी ओलांडल्यावर नंबरसोबत डोळ्यातला दाबही मोजून घ्या.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे. जाताना जुना चष्मा, जुनी चिठ्ठी, चालू असलेल्या ड्रॉपच्या बाटल्या, ती सुतळी आणि पायरी १ चा कागद सोबत घ्या. पडदा तपासायला बाहुली मोठी करणारा ड्रॉप घालतात. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यांत घुसतं. त्या दिवशी बाईक घेऊन एकटे जाऊ नका, गॉगल न्या, आणि दुपारनंतरच्या फॉर्मची जबाबदारी दुसऱ्या कुणावर तरी टाकून निघा.